तिला ऊन लागत नाही, असं मी म्हणाले

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, आणि देवापुढं हात जोडले तरी हे एवढं गिळूनच बोलते. चौथीपर्यंतच शिकले, लिहायला वेळ लागतो. लागू दे. तोंडातून हे निघतच नाही — काय करू?

नवरा गेल्यावर मी हुबळीला आले. गोकुळ रोडच्या मागं सुक्या मिरचीचा एक कारखाना आहे, तिथं कामाला लागले. फिलोमिना तिथंच भेटली. सगळे फिलूच म्हणायचे. अळनावरच्या पलीकडं रानात तिची वाडी. सिद्दी लोक ते — फार मागं त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून इकडं आणलं होतं. आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मला अक्का म्हणायची.

दर रविवारी मी तिच्या डोक्याला तेल लावायचे. एका रविवारी मूठभर केस हातात आले. तोंडात फोड. बोटं सुजून सकाळी मूठ वळत नव्हती. आणि गाल — दिसायला काही नाही, पण हात लावला की खरखरीत, तव्यासारखे गरम. मी हात लावला होता. म्हणजे मला ठाऊक होतं. हे नीट लिहून ठेवते — मला ठाऊक होतं.

कारखान्यात दोन कामं. पत्र्याखाली बसून मिरचीचे देठ खुडायचे, नाहीतर गच्चीवर मिरची पसरून दिवसभर उलथायची. आम्ही दोघी गच्चीवर होतो, आणि सावलीत एकच जागा उरली होती. फिलूनं मालकाकडं ती मागितली. ऊन लागलं की अंग पेटतंय, म्हणाली.

मालक हसला. ‘‘काळीला काय ऊन लागतंय? आणखी काळी होणार काय तू?’’ सगळ्या बायका हसल्या. फिलू वळून जिन्याकडं गेली. मग त्यानं मला विचारलं, ‘‘तू तिच्याच खोलीत राहतीस ना गं? खरंच ऊन बाधतंय काय तिला?’’

कुणी धमकावलं नव्हतं मला. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, ‘‘नाही अण्णा. रानातली माणसं ती, त्यांना ऊन लागत नाही. काम चुकवतीय.’’

फिलू तेव्हा गच्चीचा जिना चढत होती. तिनं ऐकलं नाही. सावलीची जागा मला मिळाली.

उन्हाळाभर ती वर, मी खाली.

एका डॉक्टरानं तिच्या तोंडाकडं बघून रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. गालाला हातसुद्धा लावला नाही. पाय सुजले तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गालावरून बोट फिरवलं, तपासण्या केल्या. लुपस, म्हणाल्या. अंगातली राखण करणारी ताकदच अंगावर उलटते. उन्हानं भडकतो. मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आफ्रिकेतल्या आणि तिथून बाहेर गेलेल्या लोकांना हा रोग फार जोरात धरतो, आणि कळायलाही उशीर होतो, असं त्या म्हणाल्या. पुस्तकात गोऱ्या गालावरचा लाल डाग दाखवतात, काळ्या गालावर तो तसा दिसत नाही.

मग काळ्या गालाचं चित्र कुणी काढायचं? एवढी शिकलेली माणसं, एवढी पुस्तकं — आणि एक गाल बघता येत नाही? संताप येतो मला. त्या डॉक्टराचा येतो, मालकाचा येतो, हसणाऱ्या बायकांचा येतो. पण त्यांना ठाऊक नव्हतं. पुस्तकात नव्हतं ते माझ्या बोटांना कळलं होतं. मग कुणाला शिव्या घालू?

रोग काही तू दिला नाहीस, असं मन म्हणतं. त्या मनाच्या थोबाडीत मारावी वाटतं.

फिलू पावसाळ्यात गेली. मातीला मी वाडीवर गेले. तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना सांगितलं, ‘‘कारखान्यात माझ्या पोरीच्या बाजूनं ही एकटी बोलली. फिलूच सांगायची.’’ फिलूला तसं का वाटलं, देव जाणे. मी कधी तसं सांगितलं नव्हतं. नाही, असंही कधी म्हटलं नव्हतं.

तिथंही म्हटलं नाही. मान खाली घालून उभी राहिले. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, बिचारी अबोल आहे.

अबोल? मालकापुढं माझी जीभ एकदाही अडखळली नव्हती.