बांधाचा वाटा

उधाणाचे पाणी पाहिले की ते प्रकरण अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. महायुद्धाची वर्षे होती. मी भाईंदरला फौजदार होतो आणि तपासाचा मला बराच गर्व होता.

भाईंदर आणि घोडबंदरच्या मध्ये खाडीला लागून एक गाव होते. गावाची भातशेती भरतीच्या पातळीखाली. खारे पाणी अडवायला लांबलचक मातीचा बांध, आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्यात एक लाकडी झडप. तिला उघाडी म्हणत. बांध साऱ्या गावाचा. प्रत्येक घराला त्याचा ठरलेला तुकडा वाट्याला येई. पावसाआधी आपल्या वाट्यावर माती टाकायची, खेकड्यांची बिळे बुजवायची, ही रीत.

सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावचा एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. दोन वर्षांपासून तो मुंबईत एका कारखान्यात कामाला होता, सणावारी गावी येई.

"काल भर दुपारी कुणीतरी बांध फोडलाय साहेब. सगळा गाव जेवायला बसलेला. माझं निसवलेलं, लोंब्या धरलेलं भात खाऱ्या पाण्यात गेलंय."

"संशय कोणावर?"

"मिठागराचा मुकादम. जमीन खारवली की त्याला मिठासाठी घ्यायला बरी."

मी फिर्याद नोंदवून पंचनाम्याला गेलो. पोलीस पाटलाने ओहोटीत खिंडार बुजवून घेतले होते, पण बाजूच्या घट्ट मातीत कुदळीचे घाव स्पष्ट होते. बांध फुटला नव्हता, फोडला होता. मुकादम मात्र त्या दिवशी वसईला होता. चार माणसांनी तसा जबाब दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमादार खबर घेऊन आला. उत्तनहून सुकी मासळी विकायला येणारी एक बाई अमावास्येला बांधावरून परतत होती. तिने उघाडीचा राखणदार पाहिला होता. हातात कुदळ, कमरेपर्यंत चिखल. घरी पितरांचे पान वाढलेले आणि हा बांधावर बसून पाण्याकडे बघतोय, याचे तिला नवल वाटले होते.

राखणदार सत्तरीचा असावा. उघाडी सांभाळायचे काम त्याच्या घराण्यात चालत आलेले. मी त्याला ठाण्यावर आणवले. माझ्या अनुभवात पहिल्या प्रश्नाला माणूस नाकबूल होतो. हा झाला नाही.

"बांद मीच फोरला, साएब."

"का? त्या शेतकऱ्याशी वैर आहे?"

"न्हाय. माजं पन शेत त्याच्या शेजारीच हाय. तेबी बुरलं."

"मग कारण सांग."

"ते इचारू नका. मना आत टाका."

मी दरडावले, समजावले, कोठडी दाखवली. तो भिंतीला टेकून गप्प बसला. कोणाला तरी वाचवणारी माणसे अशी गप्प बसतात, हे मला ठाऊक होते. पण कोणाला, ते कळेना. सूर्य वर आला तसा मात्र तो अस्वस्थ झाला. उठायचा, दाराकडे बघायचा, पुन्हा बसायचा.

"साएब, भरती लागली. बांदावर कोन हाय?"

"गावात माणसं आहेत की."

"त्यांना ठाव न्हाय!" म्हातारा पहिल्यांदाच ओरडला. "कुठं बघायचं ते त्यांना ठाव न्हाय."

मी जमादाराला आणि म्हाताऱ्याला घेऊन तडक निघालो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभरच उरले होते. म्हातारा परवानगी न मागता धावत सुटला. बुजवलेल्या खिंडारापासून शंभरेक पावलांवर बांधाच्या आतल्या अंगाला पाणी उकळल्यासारखे वर येत होते. तो बिळांत पेंढा आणि चिखल कोंबू लागला. जमादाराने पट्टा काढून ठेवला, मीही चिखलात उतरलो. पोलीस पाटील माणसे घेऊन आला. तासाभराने पाणी उतरू लागले तेव्हा कोणाच्याच अंगात त्राण नव्हते.

"हा तुकडा कोणाच्या वाट्याचा?" मी विचारले.

पाटील घुटमळला. "फिर्याद केली त्याच्याच, साहेब. दोन वरसं माती पडली न्हाय."

आता म्हाताऱ्याने तोंड उघडले आणि उलगडा झाला. अमावास्येच्या दुपारी हा तुकडा फुटणार होता. तिथे जुन्या ओढ्याचे पात्र, जमीन खोल आणि मऊ. तिथे खिंडार पडते तर ते रुंदावत जाऊन सगळे गाव बुडाले असते. म्हाताऱ्याने जवळच्याच टणक जागी बांध फोडून आतल्या बांधांनी वेढलेल्या दोनच शेतांत पाणी घेतले. दोन्ही बाजूंनी पाणी झाल्यावर बांधावरचा दाब उतरला. कुठे फोडायचे, ते फक्त त्याच्या घराण्याला ठाऊक होते.

"हे मला ठाण्यावर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं अस्तं तर त्याच्या वाट्यापायी गाव बुरनार होतं ते गावाला कललं अस्तं. गाव त्याला वालीत टाकील. लेकरंबालं हायत त्याला."

फिर्यादी केव्हा येऊन मागे उभा राहिला होता, कोणाच्या लक्षात आले नाही. तो पुढे आला, वाकला आणि एका उघड्या बिळात हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला.

"मला वाटलं, एखाद-दोन वर्षांनी काय होतंय," तो म्हणाला. मग म्हाताऱ्याचे पाय धरायला वाकला. म्हाताऱ्याने त्याला अर्ध्यातच उठवले.

पाटलाच्या ओटीवर गाव बसले. बोलाचाली झाली, आवाज चढले, पण वाळीत कोणी कोणाला टाकले नाही. दोन्ही बुडालेल्या शेतांना प्रत्येक खळ्यावरून भात द्यायचे ठरले. फोडायची जागा घराण्यात का लपवून ठेवली, असे एका बाईने म्हाताऱ्याला विचारले. "जागा कलली की तिच्यामागचं शेत कोनी कसनार न्हाय, म्हून," तो म्हणाला. "तू मेलास तर आम्ही काय करायचं?" तिने विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने साऱ्या गावाला बांधावर नेऊन ती जागा दाखवली.

मोठे नुकसान टाळण्यासाठी केलेले कृत्य, असा अहवाल लिहून मी प्रकरण मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाठवले. ते तिथेच मिटले.

पुढे मी खून, दरोडे खूप तपासले, पण या प्रकरणाने जे शिकवले ते कशाने नाही. त्या दुपारी मी म्हाताऱ्याला ठाण्यावर बसवून ठेवले असते, तर माझा तपास चोख ठरला असता आणि गाव बुडाले असते. बांध फोडणाऱ्यासाठी माझ्याजवळ कलम होते. आपल्या वाट्याची माती न टाकणाऱ्यासाठी नव्हते, आणि सगळ्यांच्या कामाची गोष्ट एकट्यानेच जाणून बसणाऱ्यासाठीही नव्हते. त्या दोन्ही गुन्ह्यांचे खटले गावाने स्वतःच चालवले, आणि शिक्षा कोणालाही न देता निकाली काढले.