फायनल आणि माझा पायगुण

ब्राउनश्वाइगला हे यंत्रशास्त्रात डॉक्टरेट करत होते. कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा दर वसंतात आमच्याच गावात होई, आणि हे कॉलेजच्या संघात राखीव खेळाडू. मी चौथी शिकलेली, जर्मन येत नसे, आठवडाभर खोलीत गप्प. पण सामन्याला भाषा लागत नाही. सगळे ओरडत, मीही ओरडे. माझा आवाज मला तिथेच ऐकू येई.

पहिल्या वर्षी मी फायनलला गेले. आपण हरलो, एका बंदराच्या गावचं कॉलेज जिंकलं. दुसऱ्या वर्षीही गेले. पुन्हा तेच विजेते, आपण पुन्हा उपविजेते. परतताना ट्राममध्ये यांचा पुण्याचा मित्र म्हणाला, "वहिनी, रागावू नका, पण तुमचा पायगुण तपासून घ्यायला हवा."

"आमच्या प्रयोगशाळेत?" हे म्हणाले, आणि दोघं हसले. मीही हसले.

तिसऱ्या वर्षी फायनलच्या सकाळी मी साडीवर कोट घालून तयार. हे बुटाची नाडी बांधत म्हणाले, "तू आज राहा घरी. थंडी आहे."

"एप्रिलात कसली थंडी?"

"अगं, तो म्हणतोय म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे मानतो? पण उगाच कशाला..."

लोखंडाचा दांडा कशाने तुटतो ते वर्षानुवर्षं शोधणारा माणूस. हरण्याचं कारण मात्र त्याला माझ्या पावलांत सापडलं. मी कोट खुंटीला लावला. भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

संध्याकाळी दोघं जेवायला आले. चेहऱ्यांवरूनच कळलं. विजेते या वेळी दक्षिणेकडचे, आपण उपविजेतेच.

"रेफ्री आंधळा होता, वहिनी! शेवटचा फाउल दिलाच नाही," मित्र म्हणाला.

म्हणजे मी तिथे असले तर मी, नसले तर रेफ्री. हे अगदी ओठांवर आलं होतं. पाहुण्यासमोर कसं बोलायचं? पोळ्या लाटत राहिले.

पुढच्या वर्षी संघ फायनलला पोचलाच नाही. मग यांचं शिक्षण संपलं, आम्ही स्टुटगार्टकडे आलो. अजून कुणी घरी आलं की हे विजेते वर्षवार सांगतात आणि शेवटी म्हणतात, "आम्ही लागोपाठ तीनदा फायनलला. पण नशीबच नाही!" म्हणताना नजर माझ्याकडे.

एकदा मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "तिसऱ्या वेळी मी घरी होते."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. चहा टाकू का?"