माझ्या कादंबरीचं पारायण

माझी कादंबरी लोक चौरंगावर ठेवून वाचायला लागले, तेव्हा खरं तर मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे सांगणार आहे त्यावरून मी कुणी साध्वी आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात माझी सगळी नोकरी कारकुनीत गेली. परिपत्रकं टाईप करायची, फायली लावायच्या, साहेबांच्या सह्या घ्यायच्या. निवृत्तीनंतर सिडकोतल्या घरात वेळ खायला उठला, म्हणून कादंबरी लिहायला घेतली. तारिणी नावाची मुलगी डोंगरावरच्या देवीकडून गावासाठी अग्नी आणायला निघते आणि वाटेत मधुजिव्ह नावाचा असुर तिला गाठतो, अशी ती गोष्ट. हा असुर कधीच वाईट काम करायला सांगत नाही. तो लोकांना तिच्या पाया पडायला लावतो आणि तिच्या कानाशी लागून म्हणतो, "घे की नमस्कार. यात त्यांचंच भलं आहे." शेवटी तारिणी अकरा ओळींचं एक स्तोत्र म्हणते आणि असुर जळून जातो. ते स्तोत्र मी मटार सोलता सोलता रचलं. यमक जुळेना म्हणून एक ओळ तीनदा बदलली, आणि त्या नादात गॅसवरचं दूध उतू गेलं. त्यात काही दैवी असतं तर निदान दूध तरी वाचलं असतं!

पुस्तकाच्या मागं माझा पत्ता आणि फोन छापला होता. सुरुवातीला 'कथा आवडली' एवढं सांगायला फोन यायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अध्याय एकवीस आहेत, म्हणजे रोज तीन वाचले की सात दिवसांत पारायण होतं. झालं! पुस्तकाला हळदकुंकू लागलं, समोर अखंड दिवा आला, सात दिवस कांदालसूण बंद झालं. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाचा मुलगा घरी परत आला, आणि सगळ्याचं श्रेय तारिणीला. मी प्रत्येकीला म्हणायचे, "अहो, ती कादंबरी आहे हो." पण ते इतक्या मऊ आवाजात म्हणायचे, की ऐकणारीला तो माझा विनयच वाटावा. फोन ठेवला की आरशासमोरून जाताना पदर सारखा करायचे. त्या दिवसांत माझी पूजाही बिघडली होती. डोळे मिटून देवासमोर बसले की देवाऐवजी फोनवरचं कौतुक ऐकू यायचं. आपल्यात श्रद्धा म्हणून काही उरली आहे का, असा प्रश्न पडायचा आणि तो मी पुढचा फोन येईपर्यंत टोलवत न्यायचे.

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी दाराशी रिक्षा थांबली आणि तिशीतली एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला हाताला धरून उतरली. हातात नारळ, डोक्यावर पदर. मी दारातच असताना तिनं वाकून उंबऱ्याला हात लावला.

"माऊली, मी सविता. पिशोरहून आले. ही माझी ईश्वरी."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मुलगी सोफ्याच्या कडेला डोकं टेकून बसली आणि सविताचं बोलणं सुरू झालं. "पाच दिस नुसती फणफणली हो पोरगी. डॉक्टरच्या गोळ्यांनी काय उतरंना. ताप आला त्याच्या दुसऱ्याच दिशी शेजारणीनं तुमची पोथी दिली अन् मी पारायणाला बसले. आज सहावा दिस, तीन अध्याय वाचूनच निघाले. काल सकाळी शेवटच्या पानावरचं स्तोत्र म्हनून अंगारा लावला, अन् काय सांगू माऊली, ताप गेला! पार थंडगार झाली पोरगी. उद्या समाप्ती हाय, तुमी यायाच पायजे. अन् आज हिला तुमच्या पायावर घालायचं व्हतं."

मुलीनं पुन्हा पाणी मागितलं. पोट दुखतंय, असंही काहीतरी पुटपुटली. सविता म्हणाली, एस्टीत दोनदा ओकली, प्रवास सोसत नाही तिला. माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी 'नको नको, पायाबिया कशाला' म्हणाले, आणि म्हणता म्हणता साडीची निरी जराशी वर घेऊन उजवा पाय पुढं सरकवला. हे मी केलं. कुणी करायला लावलं नाही.

ईश्वरी वाकली आणि तिची बोटं माझ्या पायाला लागली. बर्फ लागावा तशी ती गार होती. भर दुपारची वेळ, बाहेर उकाडा, मला स्वतःला घाम फुटलेला, आणि त्या एवढ्याशा हातांत ऊब म्हणून नव्हती. त्या स्पर्शासरशी एक वाक्य माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. स्तोत्रातलं नव्हे. दर पावसाळ्यात डेंग्यूच्या परिपत्रकात मी टाईप करायचे ते: ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस अधिक जोखमीचे, पोटदुखी, उलट्या, सुस्ती, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच रुग्णास तातडीने रुग्णालयात हलवावे. इतकी वर्षं ते वाक्य माझ्या बोटांखालून गेलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या मनापर्यंत कधी पोचलाच नव्हता. आज तो माझ्या पायाशी वाकला होता.

मी म्हणाले, "सविता, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

ती हसली. "ताप तर गेलाय, माऊली. अन् आज दवाखान्यात थांबले तर पारायणाला खंड पडंल की. दिव्याला सांजंपतुर पुरंल एवढंच तेल घालून आले. पोथीतच लिवलंय ना तुमी, मधेच उठंल त्याची वाट मोडंल म्हनून."

ते वाक्य माझंच होतं. सातव्या अध्यायाचा शेवट जरा ठसक्यात व्हावा म्हणून घातलेलं.

आता खरी गोष्ट सांगते. तिला उठवायला एक शब्द पुरे होता. 'देवीची आज्ञा आहे, ऊठ,' असं मी म्हणाले असते तर ती त्या क्षणी उठली असती. पोरीचा जीव वाचणार होता, मग त्यात वाईट ते काय? यात तिचंच भलं आहे. हे माझ्या मनात अगदी असंच, याच शब्दांत आलं. ज्या असुराचं बोलणं मी टेबलाशी बसून मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, तो माझ्याच दिवाणखान्यात माझ्याच आवाजात बोलत होता आणि मला ते कळतही होतं. एकदा आज्ञा दिली की ही बाई पुढच्या आजारात डॉक्टरकडं जाण्याआधी माझ्या दारात येणार, आणि तिच्यामागून आणखी दहाजणी. हा विचार मी तेव्हा केला असं सांगायला मला आवडलं असतं. पण विचार करायला तेव्हा फुरसत नव्हती. आज्ञा द्यायलाच मी तोंड उघडलं होतं आणि बाहेर भलतंच पडलं.

"सविता, हे सगळं मी रचलेलं आहे. त्या आतल्या स्वयंपाकघरात, मटार सोलताना. त्यात देवी नाही."

मला धडकी भरली. आता हिचा पुस्तकावरही विश्वास राहणार नाही आणि माझ्यावरही. ही पोरीला उचलून सरळ परतीच्या एस्टीत बसेल, आणि तिचं जे होईल त्याला मी जबाबदार असेन. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. खूप दिवसांनी त्या नावाच्या आणि माझ्या मधे फोनवरचं कौतुक नव्हतं.

"समदं रचलेलं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"त्यो असुर बी?"

"तोही."

"मंग ताप कोनी उतरवला?"

"या आजारात तो आपोआप उतरतो, आणि खरा धोका तिथून पुढं असतो. मला एवढंच माहीत आहे."

तिनं ईश्वरीच्या गालाला हात लावून पाहिला. मग पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. "मंग हितं बसून काय करायलो आपन? चला की, ताई!"

मघापर्यंत मी माऊली होते. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि फसवलं गेल्याचं दुःखही नव्हतं. महिनोन्‌महिने मला जे माऊलीपण सोडवत नव्हतं, ते त्या बाईनं नारळासकट माझ्या टेबलावर ठेवलं आणि ती चालायला लागली. तिचा रिक्षावाला कोपऱ्यावर चहा पीत थांबला होता. खांद्यावरची मुलगी पाहताच त्यानं कप तसाच ठेवला. "बैठो बाजी, जल्दी बैठो," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं एवढंच म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत त्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरांनी मनगट धरलं, नाडी नीट लागेना. धावपळ झाली, सलाईन लागलं आणि ईश्वरीला अतिदक्षता विभागात नेलं. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही म्हणाले. संध्याकाळी तिचे वडील पिशोरहून आले. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि सवयीनं प्रार्थना करायला गेले, तर ओठांवर माझ्याच स्तोत्राची पहिली ओळ आली. मला इतकी शरम वाटली की मी ओठ मिटून घेतले. दुसरं काही म्हणावं तर तेही पोकळ वाटायला लागलं. जन्मभर शब्दांवर जगलेली मी, आणि लागले तेव्हा माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. मग नुसती बसून राहिले.

तिथं जे झालं ते सांगणं अवघड आहे. उजेड दिसला नाही की आवाज आला नाही. रिकाम्या घरात शिरलं आणि आत कुणी असलेल्या घरात शिरलं, तर हाक न मारताही आपल्याला फरक कळतो ना, तेवढाच फरक पडला. कुणीतरी होतं. माझ्या अंगावर काटा आला आणि बराच वेळ तो गेला नाही. नमस्कार घ्यायला मी पाय पुढं केला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात हिणकस क्षण. मी खरंच चांगली असते, मागं सरले असते, तर ते गार हात मला कळलेच नसते. माझी चूकसुद्धा त्यानं कामाला लावली होती. हे लक्षात आलं आणि मी बाकावरच रडायला लागले. शेजारच्या एका आजींना वाटलं माझं कुणी गेलं.

तिसऱ्या दिवशी ईश्वरीला साध्या वॉर्डात आणलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. सविता आणि मी बाहेर पायऱ्यांवर चहा घेत बसलो होतो.

"दिवा कवाच इझला आसंल," ती म्हणाली. "इझू दे." मग जरा थांबून म्हणाली, "ताई, एक इचारू का? अठरा अध्याय वाचले म्या, पर पुन्य लागंल म्हनून भराभरा वाचले. गोष्ट काय ध्यानात ऱ्हायली नाय. त्या तारिणीचं शेवटी काय व्हतं?"

एवढे फोन आले होते, पण हे मला एकीनंही विचारलं नव्हतं. मी तिथंच तिला उरलेले तीन अध्याय सांगितले. तिनं चहाचा कप हातात तसाच ठेवून ऐकलं.

"म्हंजे वाचली पोरगी," ती म्हणाली. "बरं केलंत, ताई. मला वाटलं मारताव का काय तिला."

तारिणीला वाचवणं सोपं होतं. लेखणी माझ्या हातात होती. आत खाटेवर बसून आईकडं मुरमुरे मागणारी ती दुसरी मुलगी कुणी वाचवली, हे मला विचारू नका. मी हात जोडले आणि या वेळी शब्द शोधायला गेले नाही.