दुसऱ्या खेळाडूची बाजू

गल्लीत त्यांना सगळे बटणवाले म्हणत, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. राग यायचा तरी कशाला? तीस वर्षं त्या माणसाने बटणांशिवाय दुसरं केलं काय? व्हिडिओ गेमच्या दुकानांत ती उंच मशीनं असायची, पोरं बटणं बडवून बडवून खिळखिळी करायची आणि हे पिशवी घेऊन हजर व्हायचे. पुढे दुकानं बंद पडली, मशीनं भंगारात गेली. मग काही हौशी लोकांनी तशीच मशीनं घरी बनवून घेतली, आत कॉम्प्युटर बसवला. त्यांनाही शेवटी बटणवालेच लागले.

त्यांचा एक नियम होता. मशीन उघडण्याआधी वहीत चित्र काढायचं. कुठलं बटण काय करतं, कुठली वायर कुठे जाते, सगळं. त्यानंतरच स्क्रूड्रायव्हर. हे ते इतक्यांदा ऐकवत की ओळखीचे कारागीर त्यांना पाहून रस्ता बदलत. तो नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या भावाच्या घरी.

धाकट्या भावाला आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. बटणवाले इस्पितळात एकदा जाऊन आले. भावाचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि बाहेर जिन्यात बसून ढसाढसा रडले. तिथून जो पाय काढला तो काढलाच. भावजयीचा फोन आला की एकच उत्तर, "पुढच्या रविवारी नक्की येतो." माणूस वाईट नव्हता हो, भित्रा होता. पण घरात वाट बघत बसलेल्याला त्याने काय फरक पडतो?

शेवटी तिनेच एकदा फोनवर सांगितलं, "भाऊजी, मशीन बिघडलंय."

हे मशीन बटणवाल्यांनी स्वतःच्या हाताने भावाला बनवून दिलं होतं. दोघं शेजारी शेजारी बसून मारामारीचा खेळ खेळत, भाऊ डावीकडे, हे उजवीकडे, प्रत्येकापुढे पडद्यावरचा माणूस चालवायची एक दांडी आणि सहा बटणं. आणि दर वेळी हेच जिंकत. इतक्या वर्षांत धाकट्याने त्यांना एकदाही हरवलं नव्हतं, आणि हेही त्याला ते विसरू देत नसत.

मशीन बिघडलं म्हटल्यावर बटणवाले दुसऱ्याच दुपारी दारात उभे. भावासाठी आठ महिने निघाले नाहीत ते पाय मशीनसाठी एका दिवसात निघाले. भाऊ व्यायामाला दवाखान्यात गेला होता, तासाभरात येणार होता.

"धूळ पुसताना जरा हलवून बघितलं," ती म्हणाली. "दांडी कितीही हलवा, पडद्यावरचा माणूस ढिम्म. आणि बटण दाबलं की चालायला लागतो."

बटणवाल्यांना हायसं वाटलं. भावाशी काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं, पण हे कळत होतं. भाऊ यायच्या आत मशीन चालू करून ठेवू, म्हणजे बोलायला विषय तरी होईल, असा त्यांनी हिशोब केला. वही पिशवीतच राहिली. आपणच बांधलेलं मशीन, त्याचं चित्र काय काढायचं?

त्यांनी पॅनेल उचललं. बटणांखालचे स्विच एकेक करून दाबले, सगळे टकटक वाजले. दांडीच्या वायरी पक्क्या होत्या. म्हणजे घोळ सेटिंगमध्ये होता. ते उघडलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. पहिल्या खेळाडूची दांडी बंदच करून टाकलेली. पुढे जाणं, मागे जाणं, उडी, ठोसा, लाथ, सगळं त्या सहा बटणांत कोंबलेलं, आणि तेही कसल्याच क्रमाने नाही. दुसऱ्या खेळाडूची बाजू तेवढी जशीच्या तशी होती.

"कुठल्या गाढवाने हात घातलाय यात?" ते म्हणाले.

"मी दिवसभर कामावर असते," भावजय म्हणाली. "मला काय माहीत?"

त्यांनी 'मूळ सेटिंग' निवडलं, बटण दाबलं, आणि क्षणात सगळं पहिल्यासारखं झालं. पॅनेल परत बसवून त्यावर फडकंही मारलं.

भाऊ आला. काठी टेकत, एक पाय ओढत. दादाला पाहून त्याच्या अर्ध्या तोंडावर असं हसू आलं की बटणवाल्यांना कुठे बघावं कळेना. तो आधी मशीनकडेच गेला, डावीकडच्या स्टुलावर बसला आणि डावा हात त्याने बटणांवर ठेवला. पाचही बोटं पसरून. हात तिथवर नेताना त्याचं मनगट दांडीवर आडवं टेकलं.

पडद्यावरचा माणूस जागच्या जागी वेड्यासारखा उड्या मारू लागला.

दांडी बंद का केली होती, सहा बटणांत सगळं का भरलं होतं, हे बटणवाल्यांना त्या एका हाताकडे बघून कळलं.

"तू... नीट केलंस?" भावाने विचारलं.

"मला वाटलं, कुणीतरी वाट लावलीय."

"मीच लावली." तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द उचलून आणत. "दोन महिने लागले. रोज एक बटण... बदलायचो."

"सांग मला. आत्ता पुन्हा तसंच लावून देतो."

भावाने बोटं हवेत हलवली, पुन्हा हलवली, मग मान हलवली. "मला नाही माहीत. बोटांना... माहीत होतं."

बटणवाल्यांनी वही काढली. आता काढली. स्वतःचा उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने अर्धा तास खटपट केली. ही करंगळी मागे जायला असेल, हा अंगठा उडीला असेल. पण ती बोटं त्यांची नव्हती. भाऊ करून बघायचा आणि म्हणायचा, नाही, असं नव्हतं. शेवटी तो दमला.

"दुसऱ्या बाजूला हात लावला नाहीस ते बरं केलंस," काहीतरी बोलायचं म्हणून बटणवाले म्हणाले.

"ती तुझी ना," भाऊ म्हणाला. "तू येशील म्हणून ठेवली. या वेळी... हरवणार होतो तुला."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भावजय ऐकत होती.

"बस ना," भाऊ म्हणाला. "खेळू."

बटणवाले उजवीकडच्या स्टुलावर बसले. खेळ सुरू झाला. भावाचा माणूस दोन पावलं पुढे आला, अडखळला, विनाकारण खाली बसला. बटणवाल्यांचा माणूस समोर नुसता उभा. त्यांची बोटं बटणांवर होती आणि दाबत नव्हती. पडद्यावर वेळेचे आकडे उतरत होते.

"मारत का नाहीस?"

बटणवाल्यांनी आपल्या माणसाला एक पाऊल मागे घेतलं.

"असं नको, दादा. त्यापेक्षा... आला नसतास तरी चाललं असतं."

बटणवाल्यांनी दाबलं. तीन ठोसे, एक लाथ. भावाचा माणूस आडवा झाला आणि मशीनने ठणाणा करत त्यांचा विजय जाहीर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी धाकट्याला त्यावरून चिडवलं नाही.

निघताना त्यांनी चपला घातल्या आणि सवयीने तोंडातून गेलं, "पुढच्या रविवारी येतो." म्हणता म्हणता त्यांनाच ते ऐकू आलं. ते दारातच थांबले, परत आत गेले आणि तीस वर्षं खांद्यावरून न उतरलेली पिशवी मशीनला टेकवून ठेवली. वही तिच्यावर.

"हे इथेच असू दे. उद्या सकाळी येतो."

भाऊ पिशवीकडे बघत राहिला. मग त्याचा डावा हात पुन्हा बटणांवर गेला आणि बोटं एकेक करून जागा शोधू लागली.

"ये," तो म्हणाला. "पण आधी... चित्र काढ."