काढून ठेवलेली जाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी रागाच्या भरात सगळंच सांगून बसतो.

भोसरीत माझी छोटी शेड आहे. अत्तर-साबणवाल्यांना लागणारं एक रसायन आम्ही बनवतो. मोठ्या टाकीत कच्चा माल, उत्प्रेरक, आणि त्यातून हवा सोडायची. टाकी तापते, कधीकधी आवरत नाही. वानखेडे, माझा जुना ऑपरेटर, दिवसभर तिच्यापाशी उभा असायचा.

शलाका नावाची इंजिनिअर मुलगी मायक्रोरिअॅक्टर घेऊन आली. तळहाताएवढा पोलादी ठोकळा, काम टाकीचंच. आत केसासारख्या वाटा, त्यांना उत्प्रेरकाचा लेप. माल थोडा थोडा वाहतो, उष्णता भिंतीतून लगेच निघून जाते. भडकायला आत काही साठतच नाही. वानखेडे म्हणाला, "साहेब, याच्याजवळ बसून डबा खाता येईल."

मला तो हवाच होता. पण ती किंमत सोडेना. "काका, यात कमी करण्यासारखं काही नाही." हे मला? भंगार विकत वर आलो मी. आमच्यात माल आवडला की आधी त्याला नावं ठेवतात. आणि नावं ठेवायला जागाच नसेल तर?

मी जागा केली.

चाचणीच्या सकाळी ती चहाला गेली, तेव्हा ठोकळ्यात माल नेणाऱ्या नळीतली गाळणीची जाळी मी काढून खिशात टाकली. आमच्या मालात बारीक कण असतात. वाटा तुंबल्या, पंप थांबला. ती फोन करायला बाहेर गेली — मी जाळी गाळात बुडवून परत बसवली. मग सगळ्यांदेखत म्हणालो, "हे खेळणं कॉलेजातच ठेवा." वाटलं, आता भांडेल, मग भाव पाडू.

तिनं जाळी उघडून पाहिली. जाळी जागेवर होती, गाळ धरलेली. "माझंच डिझाइन चुकलं, काका," म्हणाली, ठोकळा पिशवीत घातला आणि गेली. पुढे तिनं ते कामच सोडलं, असं कळलं.

खरं सांगू? मला अजून तिचाच राग येतो. एक शब्द तरी बोलायचा. इतक्या सरळ माणसानं बाजारात यावं कशाला? — पण जाळी तिनं नव्हती काढली.

पुढच्या उन्हाळ्यात टाकी भडकली. वानखेडेचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं मिटत नाहीत. आता तो फाटकावर बसतो, डबा डाव्या हातानं खातो. कुणी नवीन माणूस अपघाताचं विचारतो, तेव्हा तोच सांगतो, "साहेबांनी आमच्यासाठी बारकं मशीन आणलं होतं. ते चाललं नाही."

मी शेजारी उभा असतो. मान डोलावतो.