क्विनीन की नवं इंजेक्शन

हवाई दलातले शशिकांत धारणकर आसामात मेंदूच्या मलेरियाने गेले. चंडीगडच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बायकोला, नयनाताईंना, ते कळलं तेव्हा त्या राजमा निवडत होत्या. क्विनीनचं सलाईन चालू होतं, तरी ते शुद्धीवर आलेच नाहीत. भेटायला आलेलं कुणीसं म्हणालं, "ते नवं चिनी इंजेक्शन मिळालं असतं तर वाचले असते." नयनाताईंना रडू आलं नाही. ते वाक्य मात्र डोक्यात बसलं.

मुलाच्या शाळेसाठी त्या साताऱ्याला न परतता तिथेच राहिल्या. नर्सिंग झालेलं होतंच. पुढे एका हॉस्पिटलात याच दोन औषधांची तुलना सुरू झाली आणि त्यांनी तिथे नोकरी धरली. कोणत्या रोग्याला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं बंद पाकिटातून ठरायचं, आणि पाकीट फोडायच्या त्याच. सुरुवातीला वाटायचं, नवं निघू दे. मग तेही वाटेनासं झालं.

इंडस्ट्रियल एरियातल्या एका कामगाराच्या वाट्याला क्विनीन आलं. त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरली, अंग घामाने भिजलं. ग्लुकोजवर सावरला.

"बहनजी, कान में सीटी बजती है," तो म्हणाला.

"दवा से है. चली जाएगी."

शेजारच्या खाटेवरच्या तरुण बाईला नवं इंजेक्शन मिळालं होतं. ती दुपारी गेली. नयनाताईंनी तिच्या सासूला पाणी दिलं आणि चादर बदलायला घेतली.

अभ्यास संपला. प्रमुख डॉक्टर हर्षवर्धन साने नागपूरचे. त्यांना एकटं गाठून नयनाताईंनी विचारलं, "काय निघालं?"

"मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच. नवं द्यायला सोपं, साखरही कमी उतरते. पण जीव वाचवण्यात फारसा फरक दिसला नाही."

"म्हणजे आमच्या ह्यांना ते मिळालं असतं तरी..."

"एका माणसाचं यावरून नाही सांगता येत, ताई."

नयनाताईंना सुटल्यासारखं वाटेल, नाहीतर राग तरी येईल, असं वाटलं होतं. काहीच झालं नाही. त्यांनी पर्स घेतली आणि बस पकडली.

घरी अथर्व टीव्हीसमोर होता. बाबा औषध चुकल्यामुळे गेले, हेच ऐकत तो मोठा झाला होता.

"तुझ्या बाबांचं औषध चुकीचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "तो फिर?"

"मग काही नाही. हात धुऊन ये."

त्याने हात धुतले. दोघं जेवायला बसले.