कॅलेंडरवरचे ठिपके

दुपारचं जेवण झालंय. डोळे मिटलेत, पण झोप अजून दारातच चपला काढतेय. तेवढ्यात पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी बसतं. शालूताई. माझी थोरली बहीण, वय चौदा. ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आता पंच्याहत्तर. वयाच्या या घोळाचं दोघांनाही काही वाटत नाही.

"दमलायस रे, दिन्या."

"घरात चोर धरायचं काम आलंय," मी म्हणतो. "नात आहे, शर्वरी. तेरा वर्षांची. तुझाच आजार. दिवसाला चार सुया टोचून घेते, तरी शुगर तीनशे. मी म्हटलं, चोरून गोड खातेस. फ्रिजला कुलूप लावलं. कालपासून ती ताटावरच बसत नाही."

"फ्रिजला कुलूप?"

"सायकलचं आहे."

ताई हसत नाही. पलंग उतरत उतरत इस्लामपूरच्या दोन खोल्यांतला पाट होतो. समोर अण्णा, आमचे वडील, काचेच्या नळीत तिची लघवी आणि निळं औषध घालून स्टोव्हवर धरून बसलेत. निळं राहिलं तर पोरगी शहाणी. ते हिरवं होतं, पिवळं होतं, शेवटी विटेसारखं लाल.

"गूळ खाल्लास," अण्णा म्हणतात.

ढेपेवर दातांच्या खुणा आहेत. "ताईच्याच आहेत," मी सांगतो.

"खुणेत मध्ये फट होती," ताई माझ्या कानाशी म्हणते. "तुझे पुढचे दोन दात पडले होते तेव्हा."

"माहितीये."

"बरं, तू खाल्ला नसतास तरी नळी लालच झाली असती. मी वाढत होते. पाळी सुरू झाली होती. अंगाला तेवढं इन्सुलिन पुरेनासं झालं होतं. आणि तुम्ही सगळे ढेप तपासत बसलात. मग माझं ताट बंद केलंत."

पाट हलतो. आम्ही सांगलीच्या इस्पितळात जायला सर्व्हिस मोटारीत बसलोय आणि मोटार उभीच आहे. ड्रायव्हर चहाला गेलाय. ताईचा श्वास खोल, भरभर चाललाय. हा आवाज मला ओळखू येतो. मी खिडकीबाहेर बघतो.

"इकडे बघ," ती म्हणते.

ड्रायव्हरच्या डोक्यावर आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर लटकतंय. सून त्यावर शर्वरीची रोजची शुगर लिहिते. कुठे गॅसची फुली, कुठे लाल ठिपका.

"हे ठिपके कसले?"

"दूधवाला आला नाही त्याचे. माझी बायकोही घालायची."

"आणि तो दर महिन्याला चार दिवस दांडी मारायचा?"

चाळीस वर्षं संसार केला मी. माणसाने इतकं अडाणी असू नये. पण सवड कुठे असते?

"आता शर्वरीच्या ठिपक्यांच्या आधीचे आकडे वाच."

मी वाचतो. दीडशे, एकशे साठ, दीडशे. मग दोनशे साठ, दोनशे नव्वद, तीनशे दहा. मग ठिपका. ती मागचं पान उलटते. तिथेही तेच. त्याच्या मागेही.

"म्हणजे ती खात नव्हती," मी म्हणतो.

"सुई किती वाढवायची ते डॉक्टर ठरवतील. त्यांना हे पान दाखव." ती पान टर्रकन फाडते. "पण आधी तिला जेवायला वाढ. माझ्या वेळी..."

मोटार सुरू होते. मी पलंगावर आहे.

मुठीत कागद चुरगळलाय. उलगडून पाहतो: मार्च महिना, सुनेच्या अक्षरातले आकडे, चार लाल ठिपके.

शर्वरी दारात उभी. तोंड उतरलेलं.

"आजोबा, मार्च तुम्ही फाडलात? अजून संपायचाय तो."

"पाळीच्या आधी तुझी शुगर चढते," मी म्हणतो. "तू खात नव्हतीस. चुकलं माझं. डॉक्टरांना आत्ताच फोन करू."

"तेच सांगत होते की मी. दोन महिने."

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहते. मग, माझ्याकडे न बघता:

"भाजी कसली आहे?"